लिंबू आणि सोनचाफा पिवळा पडतोय, हिराकस किती टाकू?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. बेळगाव जिल्ह्यात चिकोडीजवळ घर बांधून चार वर्षं झाली. कंपाउंडच्या आत लिंबू, सोनचाफा, आंब्याचं एक कलम आणि पेरू लावलात. पहिली दोन वर्षं झाडं बरी वाढली. आता लिंबाची आणि सोनचाफ्याची शेंड्याकडची नवी पानं पिवळी निघतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पेरूची खालची चार पानंही पिवळी आहेत. शेजाऱ्यांनी 'लोह कमी पडलंय' म्हणून बुंध्याशी गंजके खिळे पुरायला सांगितले, तेही करून झालं. मग खताच्या दुकानातून हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणून झाडामागं एक मूठ असं दोनदा टाकलं. फरक शून्य. आता विचारताय, अजून किती टाकू?

एवढ्यात काहीच टाकू नका. शेजाऱ्यांचं निदान बहुधा बरोबर आहे. पण झाडाला लोह मिळत नाही ही एक गोष्ट आणि मातीत लोह नाही ही दुसरी. तुमच्या मातीत लोह रग्गड आहे.

गेली बावीस-तेवीस वर्षं मी बेळगावात रोपवाटिका चालवतो आणि लोकांच्या परसबागा बघतो, खानापूरपासून अथणीपर्यंत. कुणाचा फोन आला की मी आधी गाव विचारतो, झाड नंतर. आपल्या जिल्ह्यात पानं पिवळी पडण्याचं अर्धं निदान गावाच्या नावातच होतं. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडं धो धो पाऊस. त्या पावसानं लाखो वर्षं माती धुतली, चुना वाहून गेला, लोह मागं राहिलं आणि जांभा झाला, लालभडक. माती आम्लधर्मी. तेच पूर्वेला रायबाग, अथणीकडं उतरलात की पाऊस कमी, काळी रानं, आणि दोन-तीन फूट खणलं की पांढरे चुनखडीचे खडे. बाजारात आपल्याकडचे लोक 'मसारी' (लाल माती) आणि 'एरे' (काळी माती) म्हणतात, त्यातली ही एरे. तुमची चिकोडी काळ्या रानाच्या बाजूची. बेळगाव शहरात तर गोंधळच, एका पेठेत लाल माती आणि येळ्ळूर-वडगावकडं गेलं की काळी.

हे का सांगतोय? खानापूरच्या लाल मातीतलं झाड पिवळं पडलं तर ते लोहामुळं असण्याची शक्यता फारच कमी. तिथं बहुतेक वेळा नत्र, मॅग्नेशियम नाहीतर जस्त कमी असतं, किंवा पावसाळ्यात मुळं पाण्यात बुडालेली असतात. तिथं कुणी माझं हे उत्तर वाचून फेरस सल्फेट ओतलं, तर आधीच आंबट असलेली माती आणखी आंबट होईल. म्हणजे पुढचं सगळं काळ्या, चुनखडीच्या मातीपुरतं समजा.

आता थोडा हिशोब. तुम्ही कलम लावताना दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घेतला असणार. त्यात साधारण ३०० किलो माती बसते. मातीच्या वजनाच्या ३ टक्के लोह धरलं, आणि दख्खनच्या काळ्या दगडापासून झालेल्या मातीत हे प्रमाण कमीच धरल्यासारखं आहे, तरी त्या एका खड्ड्यात ९ किलो लोह झालं. एक जाडजूड पहार म्हणा की. आणि झाडाला लागतं किती? लिंबाच्या एक किलो वाळलेल्या पानांत शंभरेक मिलिग्रॅम लोह असलं की झाड ठणठणीत. सोनाराकडची एक गुंज साधारण तेवढीच भरते. बुंध्याशी पहार पुरलेली असताना झाड गुंजभर लोहासाठी उपाशी राहतंय. त्यात तुम्ही चार खिळे वाढवलेत. गंज म्हणजे लोहाचं अगदी न विरघळणारं रूप. त्यानं झाडाचं वाईट झालं नाही, भलंही झालं नाही. कुणाच्या पायात गेले नाहीत म्हणजे मिळवलं. काढून ठेवा.

लोह अडकतं कशानं? मातीचा सामू (पीएच, आम्ल-क्षाराचं माप; सातच्या वर क्षारधर्मी) वाढला की लोहाची विद्राव्यता, म्हणजे पाण्यात विरघळण्याची क्षमता, कोसळते. सामूचा एक अंक वर गेला की फेरिक रूपातलं (गंजात असतं ते) लोह हजारपटीनं कमी विरघळतं. सहा सामूच्या मातीतून आठ सामूच्या मातीत झाड आणलं, म्हणजे त्याच्या तोंडचा घास दहा लाखपट लहान केला. झाडं हात बांधून बसत नाहीत. लिंबू, आंबा, चाफा यांची मुळं स्वतःभोवती आम्ल सोडतात आणि लोहाचं रूप पालटून ते आत घेतात. पण मातीत मोकळा चुना असला की तो हे आम्ल लगेच मारतो. त्यात माती चिंब ओली राहिली तर मुळांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड मातीतच कोंडतो, चुन्याशी मिळून बायकार्बोनेट वाढतं आणि मुळाची उरलीसुरली धडपडही थंडावते. म्हणून चुनखडीच्या रानात जास्त पाणी दिलेलं झाड कमी पाणी दिलेल्यापेक्षा पिवळं दिसतं. ऊसवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. 'केवडा पडला' (ऊस पिवळा पडला) म्हणतात तो बऱ्याचदा पाणी साचलेल्या पट्ट्यातच आधी दिसतो.

तुमची मूठभर हिराकस कुठं गेली हे डोळ्यांनी बघायचं असेल तर घरीच एक प्रयोग करा. काचेच्या पेल्यात अंगणातली अर्धा वाटी माती घ्या. दुसऱ्या पेल्यात चमचाभर फेरस सल्फेट पाण्यात विरघळवा, पाणी फिकट हिरवट दिसेल. ते मातीवर ओता आणि पेला खिडकीत ठेवून द्या. तुमची माती मला वाटते तशी असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत वरचा थर तांबूस-नारिंगी झालेला दिसेल. तो गंज. तुमच्या दोन्ही मुठींचं अंगणात हेच झालं. पोतंभर टाकलंत तरी हेच होईल, फक्त गंज जास्त होईल.

त्याच मातीच्या दुसऱ्या ढेकळावर लिंबू पिळा, नाहीतर व्हिनेगर टाका. कान जवळ न्या. फसफस ऐकू आली, बुडबुडे दिसले, की मोकळा चुना आहे हे नक्की. मी पिशवीत नेहमी पातळ आम्लाची छोटी बाटली ठेवतो. पण एकदा विसरलो होतो तेव्हा यजमानांच्या फ्रिजमधल्या लिंबावर काम भागलं.

आता निदान पक्कं करू, कारण पिवळं पान दहा कारणांनी होतं. लोह झाडात एकदा जिथं बसलं तिथंच बसतं, जुन्या पानांतून नव्याकडं सरकत नाही. त्यामुळं लोहाची उणीव नेहमी शेंड्याच्या कोवळ्या पानांवर आधी दिसते. पान पिवळं, त्यावर शिरांची बारीक हिरवी जाळी, अगदी रेखल्यासारखी. फार वाढलं की पान पांढरट पडतं, कडा करपतात, शेंडा मरतो. खालची जुनी पानं पिवळी आणि वरची हिरवी असतील तर लोहाचा संबंध नाही. सगळं पान सरसकट फिकट असेल तर नत्र. लिंबाच्या जुन्या पानावर देठाकडं हिरवा त्रिकोण उरून बाकी पिवळं असेल तर मॅग्नेशियम. नवी पानं बारीक, अरुंद आणि शेंड्यात गुच्छासारखी जवळजवळ येत असतील तर जस्त. जस्त आणि लोह चुनखडीच्या रानात जोडीनंच कमी पडतात, हे लक्षात असू द्या. मँगनीज मात्र लोहासारखंच दिसतं, फक्त शिरेच्या दोन्ही बाजूंना हिरवा पट्टा रुंद असतो आणि पिवळेपणा मंद. फोटोवरून मी स्वतः दोनदा फसलोय.

म्हणून फोटोपेक्षा माझा भरवसा फांदीच्या चाचणीवर. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) घ्या. लिंबाचा एकच पिवळा शेंडा वाकवून त्या पाण्यात बुडवून काढा. संध्याकाळी. फांदीला दोरा बांधून ठेवा, नाहीतर आठ दिवसांनी कुठली फांदी ते आठवत नाही. आठ-दहा दिवसांत त्या पानांवर हिरवे ठिपके, हिरवे डाग उमटले तर रोग लोहाचाच. काहीच झालं नाही तर बाकीचे पैसे वाचले. ही युक्ती माझी नाही बरं का. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये युझेब ग्री नावाच्या माणसानं पिवळ्या पडलेल्या वेलींना लोहाच्या क्षाराचं पाणी लावून पानं हिरवी करून दाखवली होती.

मातीचा नमुना तपासायला द्यायचा तर रैत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात) विचारा, किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात. अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयाकडंही फळझाडांची जाणकार माणसं भेटतात. पण देताना 'मोकळी चुनखडी किती टक्के' हे तपासून मागा, कारण नुसत्या सामूवरून पुरता अंदाज येत नाही. अहवाल कन्नडमध्ये आला तर 'कब्बिण' म्हणजे लोह आणि 'सुण्ण' म्हणजे चुना. आमच्या एका ग्राहकानं 'कब्बिण कमी' हे 'कब्बु कमी' असं वाचून मला फोन केला होता, की माझ्या परसात ऊस कशाला हवा! लोहाचा आकडा ४.५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४.५ भाग) खाली असेल तर कमी समजतात. पण तो ६ किंवा ७ आला तरी हुरळू नका. चुन्याच्या, ओल धरणाऱ्या मातीत अहवाल 'पुरेसं' म्हणतो आणि झाड पिवळंच राहतं, हे मी कित्येकदा बघितलंय. पान प्रयोगशाळेत दिलं तरी तोच घोळ. पिवळ्या पानात एकूण लोह हिरव्याइतकंच निघू शकतं, ते कामाचं नसतं इतकंच.

चुनखडी किती निघते यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. दोन-चार टक्के असेल तर झाड सुधारतं आणि सुधारलेलं टिकतं. दहा टक्क्यांच्या वर गेली तर लिंबूवर्गीय झाडं तिथं लावूच नका, असं फळबागवाले सांगतात आणि माझाही अनुभव तोच. लावली तर दरवर्षी सलाइन लावल्यासारखं खत द्यावं लागतं.

तुमच्या बाबतीत मला आणखी एक संशय आहे. पहिली दोन वर्षं झाडं बरी होती म्हणालात. म्हणजे खड्ड्यात भरलेली माती चांगली होती आणि मुळं आता तिच्या बाहेर गेलीत. बाहेर काय आहे? नव्या घराभोवती भिंतीपासून चार-पाच फुटांत बहुतेक ठिकाणी माती नसतेच, गवंड्यांनी दडपलेला राडारोडा असतो. अथणीकडं एका घरी असंच पिवळं लिंबू बघायला गेलो होतो. आजीबाई दारातच बसलेल्या. विचारलं, "आजी, पाणी किती घालताय याला?" "रोज दोन घागरी की. वाळाय नको म्हणून." "आणि आणखी काय घालताय?" "चुलीतली राख घालतोय, अंड्याची टरफलं घालतोय. दिवाळीत सफेदीचं पाणी उरलंय ते बी घातलंय. टाकून कशाला द्यायचं?" कुदळीनं बुंध्यापासून दोन हातांवर फूटभर खणलं तर वर वीतभर काळी माती आणि खाली सिमेंटची ढेकळं, फुटक्या फरशा, वाळूचा चुरा. त्यावर आम्ल टाकलं तर सोडा फुटल्यासारखं फसफसलं. राख क्षारधर्मी, टरफलं म्हणजे चुनाच, सफेदी म्हणजेही चुना, आणि दोन घागरींनी जमीन कायम चिंब. आजींनी प्रेमानं केलं ते सगळं नेमकं उलटं पडत होतं. आम्ही त्या झाडाला पहिले दोन महिने खताचा एक कणही दिला नाही. तीन फुटांपर्यंतचा राडारोडा मुळं सांभाळत काढला, राख बंद केली, पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी आणलं. पुढच्या पालवीला निम्मा पिवळेपणा गेला. औषध त्यानंतर दिलं.

तेव्हा तुम्ही आधी एवढं बघा. भिंतीपासून झाड किती लांब? फूटभर खणून राडारोडा लागतो का? पाणी बोअरचं असेल तर गिझरला, केटलीला पांढरा थर जमतो का? जमत असेल तर तुम्ही रोज पाण्याबरोबर थोडा थोडा चुनाच घालताय. जमलं तर पावसाळ्यात गच्चीचं पाणी टाकीत धरा आणि निदान लिंबाला आणि चाफ्याला ते द्या. पाणी देण्याआधी बोट घालून बघा, दोन पेरं माती ओली लागली तर त्या दिवशी सुट्टी. आणि हाडांचा चुरा, सुपर फॉस्फेट झाडाला भरमसाट घालत असाल तर थांबवा, जादा स्फुरदही लोहाची वाट अडवतं.

गंधक टाकून सगळ्या मातीचा सामू उतरवा, असा सल्ला इंग्रजी पुस्तकांतून येतो. त्याचाही हिशोब करून बघा. १०० किलो चुना मारायला ३२ किलो गंधक लागतं. तुमच्या त्या ३०० किलोच्या खड्ड्यात ८ टक्के चुनखडी असेल तर चुना २४ किलो आणि गंधक पावणेआठ किलो लागेल, तेही एका खड्ड्याला, आणि चारही बाजूंची माती तशीच. परवडत नाही आणि एवढं गंधक एकदम घातलं तर झाडच जाईल. म्हणून मी सगळी माती बदलायच्या नादी लागत नाही. मुळांना चार-पाच ठिकाणी चांगले घास काढून देतो, बस.

ते असं. शेणखत किंवा गांडूळखत चांगलं कुजलेलं घ्या, घमेलंभर. त्यात २५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि ३००-४०० ग्रॅम गंधक भुकटी मिसळा, ओलसर करा, सावलीत गोणपाटाखाली दोन आठवडे मुरू द्या. शेणखतातली आम्लं लोहाला धरून ठेवतात, त्यामुळं ते लगेच गंजत नाही. मग लिंबाच्या फांद्यांचा घेर जिथं संपतो त्या कडेनं पाच खड्डे घ्या, वीतभर रुंद, फूटभर खोल, आणि मिश्रण त्यांत वाटून भरा. वरून माती. मातीत पसरून मिसळू नका, एकवटलेलंच राहू द्या. पसरलं की चुन्यानं गाठलंच. मुळं दोन-तीन महिन्यांत त्या कप्प्यांत शिरतात आणि तिथं त्यांचं भागतं. गंधकाचं आम्ल जिवाणू करतात, त्यांना ओल आणि ऊब लागते. त्यामुळं हे काम मृगाच्या सरी पडल्यावर करा, भर वैशाखात किंवा थंडीत नको. हे प्रमाण पाच-सहा फूट घेराच्या झाडाचं. चाफा लहान असेल तर निम्मं.

कप्पे कामाला लागेपर्यंत झाडाला उभं ठेवायला चिलेट द्यावं लागतं. दुकानात बहुतेक जण इथंच फसतात. चिलेट म्हणजे लोहाभोवती गुंडाळलेलं असं संयुग, की ते मातीत गंजू नये. पण वेष्टन कुठलं यावर सगळं आहे. स्वस्तातलं, सर्रास मिळणारं ईडीटीए, त्यात लोह १२ टक्के. ते सामू साडेसहाच्या वर गेला की मातीत लोह सोडून देतं आणि चुन्याला चिकटतं. तुमच्या मातीत ते फवारायला चालेल, जमिनीत देणं म्हणजे पैसे पाण्यात. डीटीपीए साधारण सात-साडेसातपर्यंत तग धरतं. चुनखडीच्या जमिनीत द्यायचं तर ईडीडीएचए, लोह ६ टक्केच, महाग, पण नऊ सामूपर्यंतही टिकतं. लेबलवर 'ऑर्थो-ऑर्थो' किती टक्के ते वाचा, आकडा जास्त तितका माल टिकाऊ. पाण्यात टाकल्यावर रंग गर्द लाल, कोकमाच्या आगळासारखा येतो. एका दुकानदारानं मला एकदा ईडीडीएचए म्हणून पिवळट पाणी होणारी पुडी दिली होती. '१२ टक्के आहे, सहापेक्षा दुप्पट चांगलं' हे वर समजावलं. तेव्हापासून मी पुडी फोडून चिमूटभर पाण्यात टाकून बघितल्याशिवाय पैसे देत नाही.

तुमच्या लिंबाला ईडीडीएचए ३० ते ५० ग्रॅम, चाफ्याला १५-२० ग्रॅम. लेबलवर वेगळं प्रमाण असेल तर लेबलचं ऐका. बादलीभर पाण्यात विरघळवून घेराच्या आतल्या ओल्या मातीत द्या आणि वरून थोडं साधं पाणी मारून आत मुरवा. ते उन्हात बिघडतं, म्हणून मातीच्या वर राहू देऊ नका. नवी पालवी फुटायच्या तोंडावर दिलंत तर पूर्ण फायदा. दोन-चार आठवड्यांत नवी पानं हिरवी निघतील. जुनी पिवळी पानं कदाचित तशीच राहतील, त्यांच्यावरून निकाल लावू नका. मला 'काही उपयोग झाला नाही' असे निम्मे फोन जुनी पानं बघून येतात.

फवारणी हा तात्पुरता आधार. फांदीच्या चाचणीला जे द्रावण केलंत तेच. फक्त कोवळ्या पालवीवर दोन-तीन ग्रॅमनं सुरुवात करा, मग पाचवर या. बोअरच्या पाण्यात आधी लिंबूसत्व घाला, मग फेरस सल्फेट, क्रम उलटा केलात तर पाणी लगेच तांबूस होतं. तांबूस झालं की ओतून द्या. खडे घेतानाही हिरवे बघून घ्या, विटकरी भुकटी चढलेले घेऊ नका. पंधरा दिवसांनी एक, अशा तीन फवारण्या. जिथं थेंब पडेल तिथंच हिरवं होतं, आणि फवारल्यानंतर फुटलेल्या पानाला त्यातलं काही मिळत नाही.

आणि वेळ संध्याकाळचीच. मी धंद्यात नवा होतो तेव्हा एका बंगल्यात मे महिन्यात भर दुपारी फवारलं होतं, प्रमाणही अंदाजानं. आठवड्यात कोवळी पालवी करपून चहापत्तीसारखी झाली. ते एक वेळ चाललं असतं. पण तुळशीच्या कट्ट्याची पांढरी फरशी आणि नव्या रंगाची भिंत, दोन्हींवर नारिंगी शिंतोडे. घासून घासून माझे हात सोलले, डाग गेले नाहीत. त्या काकू अजून बाजारात भेटल्या की 'आमचा चाफा बरा आहे हो, फरशी तेवढी तुमची आठवण काढते' म्हणतात. तुम्ही फवाराल तेव्हा भिंतीला, फरशीला जुनं प्लास्टिक लावा, कपडेही जुनेच घाला.

आणखी एक, बिनपैशाचं. झाडाखालची जागा खुरपून अगदी चकाचक ठेवू नका. गवताच्या कुळातल्या झाडांची मुळं लोह पकडून आणणारं एक द्रव्य मातीत सोडतात, आणि शेजारच्या झाडाच्या मुळांनाही त्याचा लाभ होतो. शेंगेच्या (भुईमुगाच्या) रानात मक्याच्या ओळी घेतल्या तर शेंग कमी पिवळी पडते, यावर चीनमध्ये भरपूर काम झालंय. आपल्याकडं चुनखडीच्या रानात शेंगेबरोबर दुसरं पीक घेणाऱ्या जुन्या माणसांना हे कारण माहीत नसेल, पण डोळ्यांना दिसत होतं. तेव्हा लिंबाच्या घेरात गवत राहू द्या, बुंध्यापासून हातभर सोडून, आणि कापून तिथंच पसरा. हरळी मात्र नको, ती एकदा आत शिरली की निघत नाही.

आता सोनचाफ्याबद्दल स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे झाड कोकणपट्टीतलं, खानापूरच्या जंगलकडेचं. त्याला आम्ल, निचऱ्याची लाल माती हवी. काळ्या चुनखडीत तो जगवता येतो, पण दरवर्षी दोनदा चिलेट, वर्षाला कप्पे, पावसाचं पाणी, हे सगळं कायमचं गळ्यात पडतं. अनंत आणि इक्झोराचंही तसंच. तुमच्याकडं चुनखडी पाच टक्क्यांच्या आत निघाली तर धरून ठेवा. त्याच्या वर निघाली तर माझं मत असं, की तो चाफा बिनबुडाच्या सिमेंटच्या रिंगमध्ये न ठेवता, बूड असलेल्या मोठ्या पिंपात लाल मातीत वाढवा. बुटका कलमी चाफा पिंपात फुलतो. पिंप प्लास्टिकचं घ्या, आणि पाणी बोअरचं असेल तर त्यात महिन्यातून एकदा लिटरमागं अर्धा ग्रॅम लिंबूसत्व टाकून द्या. 'खड्ड्यात ट्रॉलीभर लाल माती भरली तर?' हे विचाराल म्हणून सांगतो, मी तीन ठिकाणी भरून बघितली. तीन-चार वर्षं झाड झकास, मग मुळं बाहेर जातात आणि बोअरचं पाणी आतली मातीही हळूहळू चुन्याची करतं. तुमची पहिली दोन वर्षं अशीच गेली असावीत.

लिंबू बदलायची वेळ आली तर रोप घेताना खुंट (ज्यावर कलम बांधलंय ते खालचं झाड) कुठला ते विचारा. तीन पानी खुंटावरची लिंबूवर्गीय झाडं चुनखडीत फार लवकर पिवळी पडतात, रंगपूर लिंबाच्या खुंटावरची बरीच तग धरतात. आपल्याकडं बरेचसे कागदी लिंबू बियांपासूनच येतात, त्यांच्यात एकाच ओळीत एक हिरवं आणि एक पिवळं, असाही प्रकार दिसतो.

आंब्याच्या कलमाबद्दल तुम्ही काही तक्रार लिहिली नाही. नव्या पालवीचा तांबूस रंग जाऊन ती हिरवी होईपर्यंत थांबा आणि मगच बघा, कोवळ्या आंब्याच्या पानावरून लोहाचा अंदाज येत नाही. पेरूची मात्र खालची चार पानं पिवळी आहेत म्हणालात, शेंडा हिरवा आहे. ती जुनी पानं आहेत, गळायची वेळ झाली म्हणून पिवळी पडलीत. त्या झाडाला काही देऊ नका.